मानसोपचार आणि वर्तमानकाळ

‘झालें गेलें गंगेला मिळालें’ हें वाक्य आपल्या घरांतून किती वेळां उच्चारलें जातें याची गणती कोणीं केलेली नाहीं. घरांत मृत्यु घडो, भावाभावांत वाटणीवरून वितुष्ट येवो, किंवा सासरीं गेलेली मुलगी वर्षाच्या आंत माहेरीं परत येवो. चार वडील माणसें जमतात, हें वाक्य बोलतात, आणि आपलें कर्तव्य झालें असें मानून चहा घेऊन उठतात. ज्याला उद्देशून तें बोललें जातें तो मान डोलावतो. परंतु जें गंगेला मिळालें म्हणून सांगितलें, तेंच रात्रीं त्याच्या उशाशीं येऊन बसलेलें असतें.

मानसोपचाराच्या शास्त्रानें प्रथम याच्या अगदीं उलट मार्ग धरला. गतगोष्टी गंगेला सोडूं नका, तळाशीं जाऊन त्या बाहेर काढा, असें तें शास्त्र सांगूं लागलें. पुढें त्याच शास्त्रांतून एक तिसरा पंथ निघाला. त्याचें म्हणणें असें कीं, रोग्याच्या बाळपणाचें उत्खनन करीत बसूं नका; तो या क्षणीं तुमच्यासमोर काय करीत आहे व कसें बोलत आहे, इकडे लक्ष द्या. वरवर पाहतां हा तिसरा पंथ म्हणजे आपल्या वडील माणसांचें गंगेचें वाक्यच इंग्रजी पोषाखांत, असा समज होतो, आणि तो सुशिक्षितांतहि पुष्कळ पसरलेला आहे. हा समज आम्हांस चुकीचा वाटतो. आणि तो दूर करण्याचा सरळ उपाय म्हणजे या पंथाचा जन्म कसा झाला तें सांगणें हा होय. आमचा व्यवसाय इतिहासाचा. भूतकाल हेंच आमचें भांडवल असल्यामुळें आमचा कल कोणीकडे असावयाचा हें वाचकांनीं ओळखलेंच असेल. त्याची वजावट करूनच त्यांनीं पुढील मजकूर वाचावा.

व्हिएन्ना शहरांत बेर्गगास्से नांवाच्या रस्त्यावरील १९ क्रमांकाच्या घरांत डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड हे १८९१ पासून राहत असत. त्यांच्या खोल्यांत ग्रीक, रोमन व इजिप्शियन मूर्तींचा मोठा संग्रह होता. पुराणवस्तुसंशोधक मातीचे थर एकामागून एक काढीत पुरलेल्या नगरापर्यंत जातो, तद्वत् मनोविश्लेषकानें रोग्याच्या मनाचे थर काढीत बाळपणापर्यंत जावें, ही उपमा त्यांस फार प्रिय होती. १८९५ सालीं योसेफ ब्रॉयर या वडील सहकाऱ्याबरोबर त्यांनीं हिस्टेरियावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचें सार हेंच कीं, हे रोगी आठवणींनीं आजारी पडलेले असतात. विसरलेली घटना तिच्या मूळच्या भावनेसह पुन्हां आठवली आणि शब्दांत मांडली गेली, म्हणजे लक्षण नाहीसें होतें.

कल्पना मोठी होती. पण थोड्याच वर्षांत एक अडचण दिसूं लागली. आठवण निघे, तिचा अर्थहि रोग्याला पटे, आणि रोगी होता तसाच राही. उपचार महिन्यांवरून वर्षांवर गेले. १९१० पासून एक तरुण रशियन जमीनदार फ्रॉइड यांच्याकडे येत होता. तो नम्रपणें सर्व ऐके आणि कांहींएक बदलत नसे. शेवटीं फ्रॉइड यांनीं त्यास निक्षून सांगितलें कीं, अमुक दिवशीं उपचार संपतील, मग तुमची प्रगति होवो वा न होवो. हा दिवस खरोखरच येणार अशी खात्री पटतांच त्या गृहस्थाचें मन एकाएकीं मोकळें झालें, आणि वर्षानुवर्षें जें निघालें नव्हतें तें अखेरच्या कांहीं महिन्यांत निघालें. १९१४ च्या उन्हाळ्यांत उपचार संपले. (तो पुरा बरा झाला असें मात्र कोणीं समजूं नये, १९७९ सालीं व्हिएन्नांत मृत्यु येईपर्यंत हा मनुष्य एकामागून एक विश्लेषकांचे उंबरठे झिजवीत होता.) यांत आमच्या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, ती गांठ सैल केली ती बाळपणाच्या कोणत्याहि आठवणीनें नव्हे, तर भिंतीवरच्या कॅलेंडरानें.

त्याच १९१४ सालीं फ्रॉइड यांनीं लिहिलेल्या एका लहानशा निबंधांत तिसऱ्या पंथाचें बीज सांपडतें. त्यांनीं असें दाखविलें कीं, रोगी पुष्कळदां गतगोष्ट आठवीत नाहीं, तर ती करून दाखवितो. लहानपणीं आपण बापाशीं उद्धटपणें वागत होतों असें तो सांगत नाहीं. तो डॉक्टराशींच उद्धटपणें वागूं लागतो. म्हणजे रोग ही एक जुनी हकीकत नसून या खोलींत, या घटकेस चालूं असलेली शक्ति आहे. एवढें कबूल केल्यावर उत्खननाची उपमा निम्मी पडली, कारण पुरलेलें नगर पुरातत्त्वज्ञाच्या अंगावर धांवून येत नाहीं. फ्रॉइड यांनीं स्वतः मात्र उपमा सोडली नाहीं.

ती सोडण्याचें धाडस ज्या दोघांनीं केलें ते दोघेहि त्यांचे अत्यंत विश्वासांतले होते: बुडापेस्टचे डॉक्टर शांडोर फेरेन्त्सी आणि व्हिएन्नाचे ऑटो रँक. रँक यांची कथा विलक्षण आहे. गरीब घरचा मुलगा, धंदेशिक्षणाच्या शाळेंत शिकलेला व यंत्रशाळेंत काम करणारा. रात्रीं जागून वाचन करी. विशीच्या उंबरठ्यावर त्यानें कलावंताच्या मनावर एक प्रबंध लिहिला आणि तो फ्रॉइड यांच्या हातीं दिला. फ्रॉइड यांनीं त्यास आपल्या बुधवारच्या मंडळाचा चिटणीस केलें, अपुरें राहिलेलें शिक्षण पुरें करावयास लाविलें, आणि १९१२ सालीं तो व्हिएन्ना विद्यापीठाचा डॉक्टर झाला. वीस वर्षें तो त्या घरांत जवळजवळ मुलासारखा वावरला.

१९२४ हें साल छापलेल्या एका छोट्या पुस्तकांत फेरेन्त्सी आणि रँक यांनीं मिळून असें प्रतिपादिलें कीं, उपचारांत ज्ञानापेक्षां अनुभव श्रेष्ठ. रोग्याला त्याच्या आयुष्याची साग्र बखर समजावून देऊन कांहीं साधत नाहीं. जुना झगडा डॉक्टर व रोगी यांच्या आजच्या संबंधांत जिवंत होऊन तेथेंच निराळ्या रीतीनें सुटला पाहिजे. गंमत अशी कीं, त्याच वर्षीं रँक यांचा दुसरा ग्रंथ निघाला, आणि त्यांत त्यांनीं सर्व मानवी भीतीचें मूळ जन्मसमयीं मातेपासून होणाऱ्या ताटातुटींत आहे असें सांगितलें. म्हणजे एका हातानें ते वर्तमानाकडे बोट दाखवीत होते, आणि दुसऱ्यानें फ्रॉइड यांच्याहि मागें, थेट गर्भापर्यंत जात होते! या विसंगतीचा उलगडा त्यांच्या व्यवहारांत होतो. ताटातुटीची भीति जर खरीच मूळ असेल, तर तिला गर्भांत शोधावयास नको. उपचाराचा शेवटचा दिवस अगोदर ठरवून द्यावा, म्हणजे ती भीति आपोआप खोलींत येऊन बसते. रशियन जमीनदाराच्या बाबतींत जें फ्रॉइड यांनीं नाइलाजानें केलें, तेंच रँक यांनीं पद्धत म्हणून केलें.

गुरुशिष्यांचें बिनसलें. १९२६ सालीं रँक व्हिएन्ना सोडून पॅरिसला गेले. १९३० सालीं अमेरिकन विश्लेषकांच्या संस्थेनें त्यांचें सन्माननीय सभासदत्व काढून घेतलें. फ्रॉइड १९३९ च्या सप्टेंबरांत लंडन येथें वारले. त्यानंतर सवा महिन्यानें, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, रँक न्यूयॉर्क येथें वारले. डॉक्टरांच्या मंडळींतून बाहेर पडलेल्या या माणसाचें म्हणणें अमेरिकेंत ज्यांनीं उचललें ते डॉक्टर नव्हते, तर समाजसेवेचें काम करणारे होते, हें आम्हांस अर्थपूर्ण वाटतें. फिलाडेल्फियाच्या जेसी टॅफ्ट या विदुषी अनाथ व परक्या घरीं ठेविलेल्या मुलांचें काम पाहत. अशा मुलाचा भूतकाल दुरुस्त करणें कोणाच्याच हातीं नसतें. आई गेली ती गेली. हातीं असतो तो आठवड्यांतील एक तास. १९३३ च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं त्या तासाचाच विचार केला आहे: मूल तास सुरू होतांना कसें वागतें, तास संपत आला म्हणजे कसें वागतें, जाण्याच्या वेळीं भांडतें कीं रडतें कीं आधींच उठून चालूं लागतें. ज्यास तो तास उपभोगून सोडतां येतो, त्यानें आयुष्यांतील एक मोठी विद्या हस्तगत केली, असा त्यांचा भाव आहे. आपल्याकडे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भाग करतात, आणि त्यांपैकीं क्रियमाणावरच माणसाचा हात पोहोंचतो असें मानतात. टॅफ्टबाईंस हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पण शब्द ठाऊक असते तर त्यांनीं ते वापरले असते, असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं.

न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर या शहरीं त्या वेळीं कार्ल रॉजर्स नांवाचे एक तरुण मानसशास्त्रज्ञ मुलांच्या चिकित्सालयांत काम करीत होते. १९३६ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रँक यांस व्याख्यानांसाठीं तेथें बोलाविलें. रॉजर्स यांनीं पुढें १९६१ च्या ग्रंथांत त्या दिवसांतली एक हकीकत सांगितली आहे. एक बाई आपल्या द्वाड मुलाला घेऊन येत असे. मुलाच्या द्वाडपणाचें मूळ, लहानपणीं आईनें त्याला अव्हेरलें यांत आहे, असें निदान ठरलें होतें. आणि हें कारण त्या बाईला हळुवारपणें उमगावें म्हणून रॉजर्स कित्येक भेटींत खटपट करीत होते. यश येईना. शेवटीं त्यांनीं सांगितलें, आपण दोघांनींहि प्रयत्न केला, आतां थांबावें हें बरें. बाईनें होकार दिला, हस्तांदोलन केलें, आणि ती दारापर्यंत गेली. तेथून वळून तिनें विचारलें कीं, येथें मोठ्या माणसांनाहि कधीं सल्ला देतां काय? हो म्हणतांच ती परत खुर्चीवर येऊन बसली, आणि आपल्या संसाराची सारी व्यथा, नवऱ्याशीं आलेला दुरावा, स्वतःचें अपयश, हें सर्व ओतूं लागली. तिनें आजवर दिलेल्या कोरड्या इतिहासाशीं त्याचें कांहींच साम्य नव्हतें. उपचार तेथून सुरू झाले, आणि पुढें मुलाचें वागणेंहि सुधारलें.

या प्रसंगांत निदान चुकलें होतें असें रॉजर्स म्हणत नाहींत. कदाचित् आईनें मुलाला खरोखरच अव्हेरलें असेल. पण तें सत्य डॉक्टरांच्या खिशांत होतें. बाईची व्यथा मात्र दाराशीं उभी होती. १९४२ सालीं रॉजर्स यांचा जो ग्रंथ निघाला त्यांत त्यांनीं ‘पेशंट’ हा शब्द टाकून ‘क्लायंट’ हा शब्द घेतला. आपल्या कोर्टकचेऱ्यांच्या भाषेंत त्यास अशील म्हणतात. अशील वकिलाकडे सल्ल्यासाठीं जातो, पण दावा त्याचाच असतो. लढावयाचा कीं मिटवावयाचा हें तोच ठरवितो. एका शब्दाच्या फरकानें डॉक्टरांची खुर्ची चार बोटें खालीं आली.

त्या ग्रंथांत आणखी एक गोष्ट आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यास ती विशेष मोलाची वाटेल. एका गृहस्थाच्या, अर्थात् टोपण नांवाखालीं, आठ भेटींचें संभाषण ध्वनिमुद्रिकांवर घेऊन तें शब्दशः छापलें आहे. पूर्वीं अशा खोलींत काय घडलें हें डॉक्टरांच्या स्मरणावरूनच कळे. राजवाड्यांनीं बखरी बाजूला सारून अस्सल पत्रांस मान दिला, त्या जातीची ही क्रांति होय. फ्रॉइड यांचीं रोगवृत्तें वाङ्‌मय म्हणून कितीहि सरस असलीं, तरी त्या बखरी. रॉजर्स यांच्या तबकड्या हें अस्सल दप्तर. आणि दप्तर उघडल्यावर असें दिसूं लागलें कीं, डॉक्टरांनीं कारण सांगितलें म्हणजे माणूस बहुधा गप्प होतो किंवा वाद घालतो, आणि त्याच्या आतांच्या भावनेची ओळख पटविली म्हणजे तो एक पाऊल पुढें बोलतो.

वर्तमानाचा झेंडा सर्वांत उंच ज्यानें मिरविला तो मात्र निराळ्याच पिंडाचा होता. फ्रिट्झ पर्ल्स हा बर्लिनचा यहुदी. पहिल्या महायुद्धांत खंदकांत लढलेला. पुढें फ्रँकफूर्ट येथें मेंदूस इजा झालेल्या सैनिकांवर डॉक्टर गोल्डस्टाइन यांच्या हाताखालीं काम केलेला. १९३३ सालीं हिटलरच्या भयानें तो सहकुटुंब निघाला, आणि दक्षिण आफ्रिकेंत जोहान्सबर्ग येथें त्यानें मनोविश्लेषणाचा व्यवसाय मांडला. १९५१ सालीं न्यूयॉर्कमध्यें पॉल गुडमन व राल्फ हेफरलाइन यांच्याबरोबर त्यानें जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यावरून या पंथास ‘गेस्टाल्ट’ हें नांव पडलें. त्याची मुख्य कल्पना अपुऱ्या राहिलेल्या कामाची. अर्धवट सोडलेलें काम पुऱ्या केलेल्या कामापेक्षां मनांत अधिक टोंचत राहतें, हें बर्लिनमध्यें ब्लूमा झाइगार्निक या विदुषीनें १९२७ सालीं प्रयोगानें दाखविलें होतें. पर्ल्सनें तेंच आयुष्याला लावलें. बापाशीं जें भांडण पुरें झालें नाहीं, तें बाप मेल्यावरहि मुठी आवळून बसलेलें असतें. मग चाळीस वर्षांपूर्वींच्या हकीकतीची गरजच काय, ती आवळलेली मूठ पाहा. कोणी मेलेल्या बापाविषयीं सांगूं लागला, म्हणजे पर्ल्स समोर रिकामी खुर्ची ठेवून म्हणे, त्यांच्याविषयीं सांगूं नका. ते येथें बसले आहेत, त्यांच्याशीं बोला. आणि क्रियापदें वर्तमानकाळाचीं वापरा. आपल्या व्याकरणांत ऐतिहासिक वर्तमान म्हणून जो प्रकार शिकवितात, त्याचा औषध म्हणून उपयोग करणारा हा पहिलाच वैद्य असावा. कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हां ‘रामानें बाण मारला’ असें न म्हणतां ‘राम बाण मारतो’ असें म्हणतो, आणि श्रोते रडतात. तें कां, हें या पंथाच्या अनुयायांस समजावून सांगावें लागणार नाहीं.

आतां या वर्तमानवाद्याच्या स्वतःच्या आयुष्यांतील एक गोष्ट ऐका. १९३६ सालीं तो आफ्रिकेहून युरोपांत परिषदेसाठीं आला, आणि मोठ्या आशेनें व्हिएन्नास फ्रॉइड यांच्या दारीं गेला. वृद्ध गुरूंनीं दाराशींच चार शब्द बोलून, परत कधीं जाणार अशी पृच्छा केली, आणि कांहीं मिनिटांतच भेट संपली. हा अपमान पर्ल्स कधींच विसरला नाहीं. १९६९ सालीं, मरणापूर्वीं एक वर्ष, लिहिलेल्या आत्मवृत्तांत त्यानें आपल्या आयुष्यांतील अपुऱ्या कामांची यादी दिली आहे, आणि त्यांत फ्रॉइड यांच्याशीं समोरासमोर बोलावयाचें राहिलें हें एक काम आहे. फ्रॉइड जाऊन तेव्हां तीस वर्षें झालीं होतीं. कोणी यास ढोंग म्हणेल. आम्हांस तर तो त्याच्या सिद्धांताचा पुरावाच वाटतो.

१९६४ सालीं अमेरिकेंत एक चमत्कारिक प्रयोग झाला. घटस्फोट झालेली एक तरुण बाई रॉजर्स, पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस या तिघांस एकामागून एक भेटली, आणि त्या भेटींचें चित्रण करण्यांत आलें. एलिस हे या कथेंतले तिसरे गृहस्थ. त्यांनीं मनोविश्लेषणाचा धंदा सोडून १९५५ पासून विवेकनिष्ठ उपचारपद्धति चालविली होती. माणसाला घटना दुःख देत नाहीं, त्या घटनेविषयीं आज तो स्वतःशीं जें बोलतो तें देतें, हा त्यांचा सिद्धांत. मुंबईचे कि. मो. फडके यांनीं एलिस यांच्याशीं दीर्घकाल पत्रव्यवहार ठेवून ही पद्धति महाराष्ट्रांत आणली, म्हणून मराठी वाचकांस ती तिघांत अधिक परिचित आहे. तिघांच्याहि पद्धति वर्तमानाच्या, पण रीति तीन. एलिस तिच्याशीं तर्कानें बोलले. पर्ल्सनें तिला सोंग करतेस असें म्हणून डिवचलें, तेव्हां ती संतापली. रॉजर्स मात्र ऐकत राहिले. परपुरुषांशीं असलेल्या आपल्या संबंधांविषयीं आपण आपल्या लहान मुलीशीं खोटें बोललों, हा तिचा सल होता. तिनें त्यांजकडे उत्तर मागितलें. त्यांनीं तें दिलें नाहीं. बोलतां बोलतां ती आपल्या वडिलांवर आली. ते आपल्याशीं असे कधींच बोलले नाहींत, तुम्हीच माझे वडील असावयास हवे होतां, अशा अर्थाचें ती बोलून गेली. त्यावर रॉजर्स यांनीं सिद्धांत सांगितला नाहीं. तूं मला एक चांगली मुलगी वाटतेस, एवढेंच ते म्हणाले.

येथें बाळपण कोणीं खणलें नाहीं, तरी बाप खोलींत आला. फ्रॉइड यांचे अनुयायी म्हणतात, हें आम्हीच प्रथम सांगितलें होतें. डॉक्टरांनीं त्याचा अर्थ लावावयाचा तो न लावतां बापाची भूमिका घेतली ही चूक. असेलहि. पण गंगेच्या वाक्याहून ही गोष्ट किती वेगळी आहे! आपले वडीलधारे गतगोष्टीला खोलीबाहेर घालवितात. हे लोक तिला आज ज्या रूपांत ती आली आहे त्या रूपांत बसावयास खुर्ची देतात.

तथापि एक आक्षेप असा आहे कीं, तो टाळून पुढें जातां येत नाहीं. ज्याच्यावर गतकालीं खराच अन्याय झाला, त्यास ‘आतां तुम्हांस काय वाटतें’ एवढेंच विचारणें म्हणजे अन्याय करणाऱ्यास फुकट सोडून देणें नव्हे काय? मुलगी माहेरीं परत आली ती तिच्या मनोरचनेमुळें नव्हे, तर तिला मारलें म्हणून, असेंहि असूं शकतें. पर्ल्सच्या पंथांतील उथळ अनुयायांनीं या बाजूकडे दुर्लक्ष केलें, आणि प्रत्येक दुःखाची जबाबदारी दुःखी माणसावरच टाकण्याची जी संवय त्यामुळें पसरली ती आम्हांस निखालस वाईट वाटते.

नवल हें कीं, हा आक्षेप सर्वांत तीव्रतेनें मांडणारा माणूस म्हणजे या कथेच्या आरंभीं रँक यांच्याबरोबर वर्तमानाची बाजू घेणारे तेच फेरेन्त्सी होत. १९३२ च्या सप्टेंबरांत जर्मनींतील वीसबाडेन येथील परिषदेंत त्यांनीं एक निबंध वाचला. मोठ्या माणसांकडून मुलांवर होणारे लैंगिक अत्याचार हीं रोग्यांच्या मनचीं कल्पनाचित्रें नव्हत. ते खरे घडतात, आणि आपण मानतों त्याहून पुष्कळ अधिक घडतात, असें त्यांनीं निर्भीडपणें सांगितलें. अशा वेळीं मूल अपराध्याचा अपराध आपल्या अंगावर घेतें. पुढें मोठेपणीं तें डॉक्टरकडे येतें, आणि डॉक्टर अलिप्तपणें, शिष्टपणें, आपल्या चुका झांकून बसला, तर त्या मुलाचा बाळपणचा अनुभव त्याच खोलींत पुन्हां घडतो. त्या भूतकालाहून आजचा क्षण निराळा आहे अशी रोग्याची खात्री पटावयास हवी, आणि ती डॉक्टरांनीं आपली चूक मोकळेपणानें कबूल केल्यावांचून पटत नाहीं. म्हणजे फेरेन्त्सींना भूतकाल खरा हवा होता तो वर्तमान वेगळा करतां यावा म्हणून.

परिषदेपूर्वीं त्यांनीं हा निबंध व्हिएन्नास जाऊन फ्रॉइड यांस वाचून दाखविला होता. फ्रॉइड यांस तो मुळींच रुचला नाहीं, आणि तो प्रसिद्ध करूं नये असें त्यांनीं सुचविलें. पुढील वर्षाच्या मे महिन्यांत फेरेन्त्सी रक्तक्षयाच्या विकारानें बुडापेस्ट येथें वारले. निबंध त्याच वर्षीं जर्मन भाषेंत निघाला. इंग्रजी भाषांतराचें प्रकाशन मात्र रोखून धरण्यांत आलें. तें छापून यावयास १९४९ साल उजाडलें, आणि त्यासाठीं खटपट केली ती त्यांचे शिष्य मायकेल बॅलिंट यांनीं.